शब्दचर्चा : ‘शिवकालीन धोप’ – यातली धोप कोणती आणि शिवकाल कोणता?

कोथरूड
आजोळच्या वाड्याच्या वाटणीत एक तलवार आणि एक बंदूक आमच्याकडे आली. विकायची नाही, किंमतही काढायची नाही. पण घरात दोन्हींची नोंद करून ठेवायची आहे आणि ती योग्य शब्दांत व्हावी असं मनापासून वाटतं. जुन्या बाजारात नेहमी ऊठबस असलेल्या एका गृहस्थांनी तलवार हातात घेतल्याबरोबर ‘शिवकालीन धोप’ म्हटलं. त्यांच्या शेजारचे म्हणाले, ‘छे, ही फिरंग’. तिसऱ्यांनी पात्यावरची खूण बघून ‘आलेमानी’ असा शब्द वापरला.

पातं सरळ आहे, त्यावर लांब पन्हळी आहेत. मुठीजवळ दोन चंद्रकोरी समोरासमोर, कडेला बारीक दाते. मूठ रुंद, तिच्या टोकाला वीतभर दांडी, आणि मुठीवर सोनेरी वेल. बंदूक तोड्याची आहे. घोड्याच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह कोरला आहे. यातलं कुठलं नाव खरं?

सदाशिव पेठ
तिघांपैकी दोघे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण हे शब्द एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ‘धोप’ हे घाटाचं, म्हणजे आकाराचं नाव आहे : लांब, सरळ, खुपसायला आणि घोड्यावरून वार करायला सोयीचं पातं. ‘फिरंग’ हे पात्याच्या मुलखाचं नाव. फारसीतला ‘फरंग’ म्हणजे फ्रँक लोकांचा देश, पुढे सगळा युरोप. १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या वाटेनं युरोपातली पाती कोकण आणि दख्खनच्या बंदरांत उतरू लागली. ती इथल्या मुठीत बसवली की तलवार फिरंग झाली. तेव्हा तुमची तलवार घाटानं धोप आणि पात्यानं फिरंग असायला काहीच हरकत नाही.

‘आलेमानी’चंही तसंच. पोर्तुगीज जर्मनीला आलेमान्या म्हणतात, तिथून हा शब्द आला. पण आपल्याकडे तो मुख्यतः वाकड्या जर्मन पात्याला लावतात. तुमचं पातं सरळ आहे, म्हणून तो शब्द मी बाजूला ठेवीन.

दातेरी चंद्रकोरी ही मूळची इटलीतल्या जिनोव्याच्या बाजूची खूण. ती इतकी नावाजली गेली की ऑस्ट्रियातल्या स्टिरियात, जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये आणि आपल्याकडच्या लोहारांनीही ती ठोकली. ‘आंद्रेया फेरारा’ या अक्षरांचीही तीच कथा. हा सोळाव्या शतकातला इटलीतल्या बेल्लुनोचा कारागीर, पण त्याचं नाव त्याच्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या पात्यांवर उमटत राहिलं. धावत्या लांडग्याची खूण आधी जर्मनीतल्या पासाऊची, मग झोलिंगेनची. खूण दिसली की खुणेच्या गावाचं नाव लिहून मोकळं होऊ नये. इथल्या लोहारानं नक्कल केली असेल तर रोमन अक्षरं उलटी पडतात, एखादं गळतं, ठसा उथळ आणि हात बिचकलेला दिसतो. भिंग घेऊन हे आधी पाहा.

लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहातली जगदंबा तलवार आठवा. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली. तिचं पातंही युरोपीय आहे. म्हणून कुणी ‘फिरंग’ म्हटलं की वस्तू परकी ठरवली असं समजून दुखावून घेऊ नये. त्या काळी दख्खनच्या सरदारांना हीच पाती हवी असत.

कसबा पेठ
सदाशिव पेठकरांनी पात्याचं सांगितलं, मी मुठीचं सांगतो, कारण सालाचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आपल्याकडच्या बऱ्याच तलवारींना पातं आणि मूठ रिवेटनं जोडत नसत. मूठ पोकळ, तिच्यात लाखेचं मिश्रण तापवून भरायचं आणि पात्याचं निमुळतं शेपूट त्यात खुपसायचं. थंड झालं की घट्ट. पुन्हा तापवलं की मूठ हातात सुटून येते. त्यामुळे मूठ बदलणं हे नित्याचं काम होतं. आजोबांच्या पात्याला नातवानं नव्या फॅशनची मूठ बसवणं यात फसवणूक नाही, उलट पातं जपल्याचं ते लक्षण आहे. पण त्यामुळे एका तलवारीला एकच साल लावता येत नाही. पात्याचं वय वेगळं, मुठीचं वेगळं, नक्षीचं वेगळं, म्यानाचं तर सगळ्यात कमी, कारण लाकूड आणि मखमल आधी जाते.

कोथरूडकर, तुमच्या रुंद मुठीला टोकाशी जी दांडी आहे, ती दोन हातांनी वार करताना धरायला. अशा मुठी दख्खनमध्ये सतराव्या शतकात रूढ झाल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत बनत राहिल्या. बोटांवरून येणाऱ्या कमानीला संग्राहक ‘परज’ म्हणतात, काही जण सबंध मुठीलाच परज म्हणतात. ‘तलवार परजणे’ हे क्रियापद तर सगळ्यांच्या तोंडी आहे. नोंदीत मात्र परज लिहायची असेल तर कुठला भाग म्हणायचा आहे ते एकदा स्पष्ट करा.

सोनेरी वेलीबद्दल : बहुधा कोफ्तगारी असावी. फारसी ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे, ठोकणे (ताटातला कोफ्ता त्याच घराण्यातला). लोखंडावर बारीक तिरप्या रेघांची जाळी ओरबाडतात आणि सोन्याची तार तिच्यावर ठोकून बसवतात. सोनं झिजलं की खालची जाळी उघडी पडते, ती भिंगातून ओळखता येते. याहून खोल, लोखंडात चर खणून त्यात सोनं भरलेलं काम म्हणजे ‘तहनिशान’. ते वेळखाऊ आणि महाग. एकोणिसाव्या शतकात सियालकोट, पंजाबातलं गुजरात नावाचं गाव, जयपूर इथे कोफ्तगारीचा मोठा धंदा होता आणि जुन्या साध्या मुठींवरही नव्यानं वेली चढवल्या गेल्या. वेल पाहून तलवारीचं साल सांगू नये.

कोथरूड
म्हणजे ‘शिवकालीन’ हा शब्द पात्याला लागेल पण मुठीला लागणार नाही, असंही होऊ शकतं?

सदाशिव पेठ
होऊ शकतं, आणि वारंवार होतं. ‘शिवकालीन’ या शब्दाला काळाची मर्यादा आहे. महाराजांचा जन्म १६३०, निधन १६८०. ताणून सतराव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणा. पण विक्रीच्या बोलीत हा शब्द ‘जुनं आणि मराठी’ एवढ्याच अर्थानं फिरतो. पेशवाईतली, अगदी १८१८ नंतर संस्थानात घडलेली शस्त्रंही शिवकालीन होऊन बसतात. महाराजांच्या नावाचा इतका सैल वापर मला पटत नाही. ज्या नावाचा आदर करतो, ते तारखेचा आधार असल्याशिवाय लावू नये.

हडपसर
थोडा विरोध नोंदवतो. आमच्या तालमीत ‘शिवकालीन युद्धकला’ म्हणतात तेव्हा कुणी १६८० ची रेघ ओढत नाही. तो परंपरेचा शब्द आहे. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हाही मनात तीच परंपरा होती. प्रतापगडाखाली १६५९ मध्ये सय्यद बंडाचा पट्टा आणि जिवा महालाचा वार आम्ही मुलांना सांगतो, हातातला पट्टा मात्र गेल्या वर्षी बनवलेला असतो.

सदाशिव पेठ
खेळाच्या परंपरेला तो शब्द शोभतो, तिथे माझं काही म्हणणं नाही. वस्तूच्या नोंदीत मात्र नको. नोंदीत शतक लिहावं.

कसबा पेठ
धातूविषयी एक कळकळीचं सांगणं राहिलं. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी अंगातच दिसत असेल तर त्याला ‘जौहर’ म्हणतात. मूळ अरबी ‘जव्हर’, म्हणजे रत्न, सत्त्व. ‘जवाहीर’ हे त्याचंच अनेकवचन. राजपुतांचा जोहार हा शब्द वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. ही लहर वरून काढलेली नसते. मुशीत वितळवून सावकाश थंड केलेल्या, दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असलेल्या पोलादातच ती घडते. दक्षिणेतलं हे पोलाद कन्नड ‘उक्कू’वरून जगभर वूट्झ म्हणून ओळखलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात ती भट्टीची विद्या लोपली. म्हणून असं पातं साधारणपणे त्याआधीचं.

आता धोका ऐका. पॉलिश केलं की जौहर दिसेनासा होतो. जुने शिकलगार (फारसी ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणे) पातं घासल्यावर सौम्य आम्लानं लहर पुन्हा उठवत. आज खंडेनवमीला आपण चिंच, राख, नाहीतर भांड्याचा साबण घेऊन तलवार चकचकीत करतो, आणि ओळखीचा एकमेव पुरावा घासून टाकतो. फिरंगी पात्याला जौहर नसतो, पण ठशांच्या कडा त्याच घासण्यानं जातात. कोरडं फडकं, पातळ तेलाचा हात, झालं. हळदीकुंकू मुठीला वाहा, पात्याला पाणी लावू नका.

खडकी
बंदुकीकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. कोथरूडकर, तुमच्या बंदुकीच्या पट्टीवर उभा सिंह असेल तर तिला ‘तोड्याची’ म्हणू नका.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या क्षाराच्या पाण्यात भिजवलेली सुताची दोरी, जामगीही म्हणतात. ती पेटती ठेवायची, चाप ओढला की घोडा तिला रंजकावर नेऊन टेकवतो. रंजक म्हणजे कानाशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू. कान म्हणजे नळीच्या बुडाजवळचं बारीक भोक, तोफेच्या कानात खिळे ठोकतात तोच. अशा बंदुकीत घोडा दस्त्यातल्या (लाकडी भागातल्या) खाचेतून वर आलेला असतो, बाहेर लोखंडी पट्टी नसते किंवा साधी असते.

तुमच्या वर्णनात घोड्याची पट्टी आहे. म्हणजे ती चकमकीची असावी : घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती पोलादावर आपटून ठिणगी. ‘चकमक’ तुर्की शब्द, तोफ हाही तुर्की. पंजात मुकुट घेतलेला उभा सिंह हे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह. १८०८ पर्यंत कंपनी हृदयाच्या आकाराची, चार भागांत अक्षरं असलेली आणि डोक्यावर चारच्या आकड्यासारखी रेघ असलेली खूण ठोकत असे. त्यानंतर सिंह आला. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं. म्हणजे त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी कुंपण मिळालं. असं तलवारीत क्वचित मिळतं.

आता एक बघा : कानाजवळ रंजकाची वाटी आहे, की टोपी (घोडा आपटला की पेट घेणारी स्फोटक भरलेली लहान डबी) बसवायची छोटी घुंडी? घुंडी असेल आणि जुन्या वाटीच्या जागी बुजवलेली भोकं दिसत असतील, तर चकमकीची बंदूक पुढे टोपीची केली आहे. इंग्रजी फौजेत हा बदल १८४० च्या आसपास झाला, गावोगावच्या लोहारांनी तो पुढे अनेक वर्षं केला. वरील तिन्ही प्रकार ‘ठासणीचे’च, कारण दारू आणि गोळी तोंडातून गजानं ठासायची. कोकणात शिकारीच्या बातम्यांत ‘ठासणीची बंदूक’ अजून वाचतो. काडतूस (पोर्तुगीज ‘कार्तुशु’) मागून भरायला लागल्यावर हा शब्द लागू होत नाही.

प्रकारावरून थेट साल काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, तर तोड्याच्या बंदुका देशभर एकोणिसाव्या शतकातही बनत होत्या.

आणि पहिली गोष्ट पहिली : नळीत जुना बार अडकलेला असू शकतो. गज आत घालून खोली मोजा, बाहेरून कानापर्यंतची लांबी मोजा. दोन्ही जुळत नसतील तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

कॅम्प
आमच्याकडे ब्रह्मदेशच्या लढाईतून आलेली जपानी तलवार आहे. तिलाही हेच नियम का?

सदाशिव पेठ
तिथे उलटं आहे. जपानी तलवारीचा खरा कागद मुठीच्या आत असतो. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते, आतल्या भागावर कारागिराची सही असू शकते आणि तिथल्या गंजाचा रंग वय सांगतो. तो गंज कधीही घासू नये. पात्यावरच आकडे ठोकलेले असतील तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली, हवालदार दर्जाच्या लोकांना सरकारकडून दिलेली कारखान्यातली तलवार.

कोथरूड
सिंह पुन्हा पाहिला, पंजात मुकुट आहे, आणि घुंडीही आहे. तलवारीच्या मुठीच्या आतल्या बाजूला ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी आकडे आत्ता दिसले. ते घडवल्याचं साल धरू का?

सदाशिव पेठ
लगेच नको. ठिपक्यांचे आकडे बहुधा शिलेखान्याची नोंद असतात. बिकानेरच्या शस्त्रागारात १६८९ मध्ये अदोनीहून आलेल्या दख्खनी शस्त्रांवर अशीच नोंद आहे. ती शस्त्रं कोठारात आल्याची, घडल्याची नव्हे. तरी त्याचा उपयोग मोठा : आकडे सालाचे असतील तर निदान ती मूठ त्या सालाआधी घडली होती, एवढं पक्कं होतं.

आधी सन कुठला ते ठरवा. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. मराठी दफ्तरांतला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे. तो बरेचदा अरबी शब्दांत असतो, ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४, इसवी १७७३-७४. हिजरी चांद्र वर्ष असल्यानं सरळ बेरीज चालत नाही, कोष्टक लागतं. आकड्यांचा फोटो तिरप्या उजेडात काढा आणि भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा केळकर संग्रहालयात दाखवा.

नोंद अशी करा : ‘धोप घाटाची तलवार. पाते सरळ, युरोपीय किंवा युरोपीय धर्तीचे, दातेरी चंद्रकोरींचा ठसा. मूठ दख्खनी, टोकाला दांडी, कोफ्तगारी नंतरची असण्याची शक्यता. मुठीच्या आत ठिपक्यांचे आकडे, वाचन बाकी.’ बंदुकीला : ‘ठासणीची, चकमकीवरून टोपीची केलेली, पट्टी कंपनीची, १८०८ नंतरची.’ शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही, हेही घरच्यांच्या कानावर घालून ठेवा.

हडपसर
‘मुल्हेरी मूठ’ हा शब्दही ऐकतो. तो घाट की गाव?

कसबा पेठ
गावावरून घाट. बागलाणातला मुल्हेर किल्ला, नाशिक जिल्हा. आता मात्र त्या आकाराच्या मुठीला, ती कुठेही घडली असली तरी, मुल्हेरी म्हणतात. नोंदीत ‘मुल्हेरी घाटाची’ लिहा, ‘मुल्हेरची’ नको.