लेझरने रक्तातली एक पेशी खरंच पकडता येते का?

निशिगंध_७१
नमस्कार मंडळी. माझा भाचा एमएस्सी फिजिक्सला आहे, परवा त्याने एक व्हिडिओ दाखवला. मायक्रोस्कोपखाली तांबडी पेशी पाण्यात तरंगतेय, लेझर लावला की आडवी चकती एकदम कडेवर उभी राहते आणि लेझर सरकवला की मागोमाग जाते, कुणी हात लावलेला नाही काही नाही. मी बघतच राहिले. प्रकाशाला वजन नसतं ना, मग तो पेशी ओढतो कसा? आणि ती भाजून निघत नाही का? विचारायचं आणखी एक कारण म्हणजे बाबांना (वय ७४, शुगर, बीपी) एकाने मनगटावर बांधायचं लेझरचं घड्याळ सुचवलंय, त्याने चिकटलेल्या पेशी सुट्या होतात आणि रक्त पातळ होतं म्हणे. बाबा घ्यायला निघालेत.

भिंगवाला
ताई, वजन नसलं तरी प्रकाशाला संवेग (मोमेंटम) असतो. पेशीच्या आत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं, त्यामुळे तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवते त्याचं माप) १.४० च्या आसपास आणि पाण्याचा १.३३, म्हणजे पेशी हे एक छोटं भिंगच झालं. किरण तिच्यातून जाताना वाकतो, वाकला की त्याचा उलटा धक्का पेशीला बसतो, न्यूटनचा तिसरा नियम. लेझर जोरदार लेन्समधून एका बिंदूवर आणला की या सगळ्या धक्क्यांची बेरीज पेशीला त्या बिंदूकडे खेचते. हा जोर काही पिकोन्यूटनचा (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोन्यूटन), फार तर काही दहा पिकोन्यूटन. ऐकायला नगण्य वाटतो पण अख्ख्या आरबीसीचं, म्हणजे तांबड्या पेशीचं, वजनच एक पिकोन्यूटनच्या आसपास असतं, आणि पाण्यात तेही कमी भरतं. कडेवर उभी राहते कारण ती ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद पण जेमतेम अडीच मायक्रॉन जाड, उभी राहिली की तिचा जास्त भाग झोतात येतो.

भाजण्याचं म्हणाल तर सगळं रंगावर आहे. आर्थर अ‍ॅश्किनने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये हा एका झोताचा सापळा दाखवला, पण हिरव्या लेझरमध्ये बॅक्टेरिया मरायला लागले तेव्हा तो १०६४ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडवर गेला. हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, हा फारच थोडा. म्हणून पेशी टिकते, नाहीतर १०० मिलिवॉट एका मायक्रॉनवर म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या दहा कोटी पट तीव्रता झाली हो! या कामासाठी अ‍ॅश्किनला २०१८ चं नोबेल मिळालं, वयाच्या ९६ व्या वर्षी.

भाच्याला सांगा, आपल्या मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यावर सुंदर काम झालंय. २००४ मध्ये तिथे दिसलं की सापळ्यात आरबीसी दुमडून काठीसारखी होते, आणि मलेरियाची लागण झालेली पेशी गरगर फिरते, निरोगी फिरत नाही. मला तरी हे फार भारी वाटतं, परजीवी आत शिरला की पेशी किती बदलते ते नुसत्या प्रकाशात दिसतं.

आरोहीची_आई
रंगाचं अगदी पटलं. माझ्या मुलीच्या गालावर जन्मापासून पोर्ट वाइन स्टेन (फाजील रक्तवाहिन्यांमुळे दिसणारा लालसर डाग) आहे, तिला ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर देतात. तिथे पेशी वाचवायची नसतेच, हिमोग्लोबिनने तो प्रकाश शोषून तापावं आणि ती फाजील रक्तवाहिनी आतून बंद व्हावी यासाठीच तो रंग निवडलेला असतो. काही मिलिसेकंदांचा झटका, त्यामुळे आजूबाजूची कातडी वाचते. नंतर गाल जांभळा पडतो, पहिल्यांदा बघून मी रडले होते, पण आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो. डाग आता बराच फिका आहे.

लॅबवाले_काका
मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, घड्याळाबद्दल मी सांगतो. विकणारा बहुतेक स्लाइडवर रक्ताचा थेंब दाखवतो ज्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसलेल्या असतात. याला आम्ही रुलो म्हणतो. प्लाझ्मातल्या (रक्ताच्या द्रव भागातल्या) फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनामुळे स्थिर थेंबात कुणाच्याही रक्तात अशा चळती होतात आणि रक्त वाहायला लागलं की आपोआप सुटतात. फार वाढल्या तर ईएसआर (नळीत पेशी तळाला बसण्याचा वेग) वाढतो, तेव्हा डॉक्टर कारण शोधतात. थेंब आधी जाड आणि मग पातळ पसरला तरी आधीचं-नंतरचं चित्र वेगळं दिसतं, लेझर असो नसो.

आणि वर भिंगवाल्यांनी सांगितलेला सापळा मनगटात होऊच शकत नाही, कातडीत प्रकाश विखुरतो, बिंदू जमत नाही. जिवंत प्राण्यात आरबीसी पकडल्या त्या २०१३ मध्ये चीनमध्ये, उंदराच्या कानात, जिथे केशवाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात आणि तरीही मोठी लेन्स लागली. वडिलांना हात जोडून सांगा, घड्याळाच्या भरवशावर शुगरची आणि रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका. माझ्या ओळखीत एकाने केली होती, दोन महिन्यांत आयसीयूत पोचले.

निशिगंध_७१
काका, अंगावर काटाच आला. बाबांची एक गोळी परवापासून बंदच होती, आता डबी बघितली तेव्हा कळलं! आत्ताच डॉक्टरांना फोन लावला, संध्याकाळी बोलावलंय. चळतीचं मी त्यांना तुमच्याच शब्दांत वाचून दाखवलं, ऐकून गप्प झाले आणि मग म्हणाले त्या माणसाने अगदी असंच दाखवलं होतं.