कॅलिफोर्नियमची 'अणुगोळी': तथ्य की थाप?

अर्धवट_अभियंता:
सोव्हिएत काळात बंदुकीच्या गोळीएवढा अणुबॉम्ब केला होता, कॅलिफोर्नियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा, आणि तो फ्रीजमध्ये ठेवावा लागायचा, अशी पोस्ट ग्रुपवर फिरतेय. समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार) नीट निवडलं की बॉम्ब हवा तितका लहान होतो म्हणे. खरंय का?

न्यूट्रॉनकाका:
थाप. नोकरीभर न्यूट्रॉन सोर्सची सुरक्षा सांभाळली, त्यामुळे कॅलिफोर्नियम-२५२शी जुनी ओळख. याचा एक मायक्रोग्रॅम सेकंदाला साधारण २३ लाख न्यूट्रॉन फेकतो. आमची स्टीलची कॅप्सूल बोटाच्या पेराएवढी, आतला माल नावालाच. पण तिला ठेवायला भलंमोठं पिंप, तेही पॉलिथिन भरलेलं. न्यूट्रॉनपुढे नुसतं शिसं कुचकामी, तिथे हायड्रोजन लागतो. कॅप्सूल बाहेर काढायची ती लांब चिमट्यानं आणि घड्याळाकडे बघत. असल्या गोळ्या कमरेला लावून फिरणारा शिपाई शत्रूच्या आधी स्वतःच जाईल!

त्यात अर्धायुष्य जेमतेम २.६ वर्षं, म्हणजे कोठारातला साठा आपसूक आटतो. अमेरिकेतली ओक रिजची अणुभट्टी हे बनवते, पण वर्षाचा हिशेब मिलिग्रॅममध्ये. बॉम्ब म्हटलं की गोष्ट किलोत जाते.

रिकामटेकडी:
काका, मग डेव्ही क्रॉकेट, तो अमेरिकेचा छोटा अणुबॉम्ब? तो तर खांद्यावरून डागायचे ना?

न्यूट्रॉनकाका:
खांद्यावरून नाही हो, तिकाटण्यावरून किंवा जीपवरून. तो खरा होता, पण प्लुटोनियमचा. १९६२ मध्ये नेवाडात उडवला, बघायला राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी हजर. गोळा ३४ किलोचा, स्फोट जेमतेम २० टन टीएनटी स्फोटकाइतका. हिरोशिमाचा सुमारे १५,००० टनांचा होता. आकार घटवला की ताकद अशी ढासळते.

अर्धवट_अभियंता:
आणि हाफ्नियम बॉम्ब?

न्यूट्रॉनकाका:
ते प्रकरण जास्त मजेशीर. हाफ्नियम-१७८च्या एका समघटकाच्या (म्हणजे केंद्रकात जादा ऊर्जा अडकून राहिलेल्या रूपाच्या) ग्रॅमभरात सुमारे ३०० किलो टीएनटीची ऊर्जा असते, हे खरं. टेक्सासमधल्या एका गटानं दाताच्या दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र लावून ती झटपट सोडवल्याचा दावा १९९९ मध्ये छापला. पुढे अमेरिकेतल्याच आर्गोन प्रयोगशाळेत कितीतरी तीव्र क्ष-किरण मारून पाहिले, तसं काही दिसलं नाही.

रिकामटेकडी:
फ्रीजचं राहिलंच की.

न्यूट्रॉनकाका:
त्या पोस्टमधला तेवढाच कण खरा. कॅलिफोर्नियम-२५२चा ग्रॅम स्वतःहून सुमारे ३९ वॅट उष्णता टाकतो. किलोला ३९ किलोवॅट. आता सांगा, फ्रीज कुठल्या मापाचा घ्यायचा?