ताण, दाब, प्रतिबल: बांधकामात नेमका कोणता शब्द कुठे?

गंगापूर रोडवरून

नाशिकला आमच्या घराचं काम सुरू आहे. गॅलरीचं लोखंड बांधताना अभियंता म्हणाले, "इथे ताण वर येतो, म्हणून सळई वर." मुलगी स्थापत्यच्या डिप्लोमाला आहे. तिच्या नोट्समध्ये स्ट्रेसला 'प्रतिबल' लिहिलंय, पण बोलताना तीही 'ताण'च म्हणते. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात स्ट्रेस, स्ट्रेन आणि टेन्शन या तिन्हींपुढे 'ताण' हा शब्द सापडतो. मिस्त्री यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, "वरचं लोखंड", "खालचं लोखंड", "पोट येईल" (म्हणजे मध्ये फुगवटा येईल). जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. मला हे शब्द समजून घ्यायचेत, कारण ज्या घरात राहायचं त्याबद्दल कामावरचे लोक काय बोलतात ते कळायला हवं.

सातपूरहून

प्रश्न फार चांगला आहे. मी संरचना आराखड्याचं काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवात 'भार' या शब्दापासून करू. भार बाहेरून येतो: स्लॅबचं स्वतःचं वजन, भिंती, माणसं, गच्चीवरची पाण्याची टाकी, वारा, भूकंप. हा भार पेलताना सामानाच्या आत जे निर्माण होतं ते प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती बल येतं ते. 20 टन म्हणजे साधारण 2 लाख न्यूटन. तेवढा भार 300 × 300 मिमीच्या कॉलमवर आला तर प्रतिबल होतं सुमारे 2.2 न्यूटन प्रति चौ. मिमी. तोच भार 230 × 230 च्या कॉलमवर ठेवला की ते जातं 3.8 वर. भार तोच, प्रतिबल वेगळं. म्हणून "कॉलमवर खूप ताण आहे" हे वाक्य मला खटकतं. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा भार म्हणायचं असतं, आणि कॉलममध्ये प्रामुख्याने असतो तो दाब.

आता प्रतिबलाचे प्रकार. ओढलं की ताण, चेपलं की दाब. दोन भाग एकमेकांवरून सरकायला बघतात तेव्हा कर्तन, आणि पिळलं की पीळ. म्हणजे 'ताण' हे प्रतिबलाच्या एका प्रकाराचं नाव आहे, सगळ्या कुळाचं नव्हे. कोशांत स्ट्रेसलाही ताण म्हटलंय, आणि मनावरच्या स्ट्रेससाठी तो शब्द रुळलाही आहे. मनाच्या बाबतीत चालेल, बीमच्या बाबतीत चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे की बांधकामात 'ताण' हा शब्द फक्त ओढीसाठी राखून ठेवावा.

हा आग्रह का, ते तुमच्या गॅलरीवरूनच सांगतो. दोन कॉलमांवर टेकलेला बीम मध्ये लवतो. लवताना त्याची वरची बाजू चेपली जाते आणि खालची ताणली जाते. पुस्तकात याला नमन म्हणतात. यात ताण आणि दाब एकाच बीममध्ये, एकाच जागी, वरखाली राहतात. गॅलरीला मात्र एकाच बाजूने आधार असतो. तिचं मोकळं टोक खाली जायला बघतं, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि दाब खाली.

काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला फार दुबळं असतं. एम-20 काँक्रीट म्हणजे 150 मिमीचा ठोकळा 28 दिवसांनी दाबून पाहिला तर 20 न्यूटन प्रति चौ. मिमी दाब सोसणारं. हेच काँक्रीट वाकवलं तर तडा जाण्याआधी ते सोसतं ते आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या सूत्राने जेमतेम 3.1. नुसतं ओढलं तर त्याहूनही कमी. म्हणून जिथे ताण, तिथे सळई. एफई-500 सळई 500 न्यूटन प्रति चौ. मिमीपर्यंत ओढ घेते आणि मगच कायमची लांबायला लागते. शिवाय तापल्यावर काँक्रीट आणि पोलाद जवळपास सारखंच प्रसरण पावतात, म्हणून नाशिकच्या उन्हाळ्यात आणि थंडीतही ही जोडी एकमेकांना सोडत नाही.

गॅलरीची सळई खाली गेली तर ती दाबाच्या बाजूला पडते आणि ताणाच्या बाजूला उरतं नुसतं काँक्रीट. अशी गॅलरी फारशी पूर्वसूचना न देता पडते. सळई वर बांधलेली असूनही काँक्रीटचा माल ओतताना माणसं तिच्यावरून चालतात आणि ती दबते, हे फार ठिकाणी होतं. 125 मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये 20 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि 10 मिमीची सळई धरली, तर खालच्या काठापासून सळईच्या मध्यापर्यंत 100 मिमी उंची कामाला येते. सळई 40 मिमी दबली की उरतात 60, आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. वरून स्लॅब अगदी ठीक दिसतो. त्यामुळे सळईखाली चेअर (तिला वर धरून ठेवणारे सळईचेच टेकू) पुरेशा लावल्यात का आणि माल ओतताना चालायला फळ्या टाकल्यात का, हे स्वतः उभं राहून बघा.

'वरचं लोखंड, खालचं लोखंड' हे मिस्त्रीचे शब्द जागा दाखवतात, कारण सांगत नाहीत. अनेक कॉलमांवरून जाणाऱ्या सलग बीममध्ये मधल्या भागात ताण खाली असतो आणि कॉलमपाशी तो वर जातो. तिथे नुसतं 'खालचं' म्हणून भागत नाही. कामावर 'ताणाची बाजू' असं म्हणायला लागलं, तर सळई बांधणाऱ्या पोरालाही नेमकं कशासाठी ती तिथे आहे हे कळेल. मी माझ्या कामांवर असंच म्हणतो आणि लोकांना ते पटकन समजतं.

गंगापूर रोडवरून

मनापासून आभार. मग 'दाब'चं काय? पाण्याचाही दाबच असतो ना?

सातपूरहून

हो, तिथे गुंता आहे. पाणी बाहेरून रेटतं तोही दाब आणि कॉलमच्या आत चेपणं होतं तोही दाब. पाण्याची टाकी किंवा धरण यांबद्दल लिहिताना मी आतल्या चेपण्याला 'संपीडन' म्हणतो, म्हणजे दोन्ही वेगळे राहतात. घराच्या कामावर 'दाब' पुरेसा आहे.

स्ट्रेनला पुस्तकात 'विकृती' म्हणतात. शब्द शास्त्रात रूढ आहे, पण मला तो कधीच आवडला नाही. सळई तिच्या लांबीच्या मानाने थोडीशी लांबली यात विकृत असं काही नसतं. परीक्षेत मुलीने विकृतीच लिहावं. कामावर मात्र 'किती लांबली', 'किती आखडली' असं सरळ म्हणावं.

पंचवटीतून

वरच्या चर्चेत जुने शब्द राहून गेले. मी वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून भर घालतो.

दोन आधारांमधल्या अंतराला हल्ली सगळे 'स्पॅन' म्हणतात. घरासाठी आपल्याकडे 'खण' होता आणि पुलासाठी 'गाळा' अजून आहे. दोन खणी, तीन खणी घर म्हटलं की जुन्या माणसाला घर केवढं ते कळायचं. खण हे माप लाकडाने ठरवलं होतं: सागाची तुळई (लाकडी बीम) जेवढं अंतर न लवता पेलेल तेवढा खण. जुन्या नाशकातल्या वाड्यांत खांब, तुळई, त्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि वर मातीचा थर अशी उतरंड असते, आणि भार त्याच वाटेने खाली येतो. भिंत पडली तरी लाकडी सांगाडा उभा राहिलेला मी पाहिलाय. म्हणून अशा वाड्यात एखादा खांब 'मध्ये येतो' म्हणून काढणं फार धोक्याचं आहे. खण दुप्पट होतो, तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो.

दगडाचं काँक्रीटसारखंच, ताण सोसत नाही. दगडी तुळया असलेल्या मंदिरांत खांब इतके जवळजवळ का, याचं उत्तर तिथेच आहे. अंतर वाढवायचं तर कमान हवी. काळारामाच्या आवारातल्या ओवऱ्यांच्या कमानी बघा: प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, ताण कुठेच येऊ देत नाहीत. पण तो रेटा बाजूलाही जातो, म्हणून टोकाचा खांब किंवा भिंत जाड लागते. कमान पुरी होईपर्यंत तिला खालून जो लाकडी साचा द्यायचा त्याला 'कालबूत' म्हणत. जोडे शिवायच्या साच्यालाही हाच शब्द. आज आपण स्लॅबखालच्या फळ्यांना आणि टेकूंना 'सेंट्रिंग' म्हणतो, तोही मुळात कमानीच्या साच्याचाच इंग्रजी शब्द. कालबूत परत रुळेल असं वाटत नाही, पण 'खण' आणि 'तुळई' तरी जाऊ देऊ नका.

सिडकोतून

एक शंका. दुकानदार सळईला 'कडक', 'मजबूत', 'टणक' असं काहीही म्हणतो. एकच अर्थ आहे का?

सातपूरहून

नाही, ताई. चारेक वेगळे गुण आहेत आणि मराठीत त्यांना छान शब्द आहेत.

मजबूत म्हणजे मोडायला किंवा कायमचं वाकायला किती बल लागेल. ताठ म्हणजे बल दिल्यावर किती कमी हलेल. टणक म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा उठायला किती कठीण. फरशी निवडताना हा गुण बघायचा. आणि चिवट म्हणजे मोडण्याआधी किती वाकेल, किती लांबेल. चिवटच्या उलट ठिसूळ.

ताठपणा आणि मजबुती यांची गल्लत सर्वांत जास्त होते. एफई-415 आणि एफई-500 या सळयांची मजबुती वेगळी, ताठपणा सारखाच. म्हणून स्लॅब लवतोय अशी तक्रार असेल तर भारी ग्रेडची सळई घेऊन उपयोग होत नाही, जाडी वाढवावी लागते किंवा खण कमी करावा लागतो. सारख्याच पसरलेल्या भाराखाली खण दुप्पट झाला तर बीम सोळापट लवतो.

मला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो चिवटपणा. आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. हादऱ्यात इमारतीला तडे जाऊ शकतात, पण तिने वाकून, वाट बघून माणसांना बाहेर पडायला वेळ द्यायला हवा. हे काम चिवट सळई करते आणि तिला घट्ट धरणाऱ्या, सळयांभोवती बांधलेल्या रिंगा करतात. रिंगा कर्तनही घेतात, म्हणून त्या बीमच्या आणि कॉलमच्या टोकांकडे दाट हव्यात, आणि त्यांचे हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. 90 अंशांत नुसते दुमडलेले हूक हादऱ्यात उघडतात. दुकानात कोणी 'एकदम कडक सळई' म्हणाला, तर विचारा, किती टक्के लांबते? चाचणीच्या कागदावर तो आकडा असतो.

मखमलाबादहून

पायाच्या शब्दांबद्दल थोडं. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम. त्यामुळे खोदताना एकच प्रश्न असतो: "मुरूम लागला का?" काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, तिच्यावर टेकलेलं घर दरवर्षी वरखाली होतं. इथे 'बसणं' आणि 'खचणं' यांत फरक करा. सगळं घर सारखं थोडं बसलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा खचला तर भिंतीत विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांचा तडा जातो. असा तडा दिसला की लांबी (पुट्टी) भरून रंग मारू नका, आधी पाया आणि आसपासचं पाणी बघा.

गंगापूर रोडवरून

सगळ्यांचे उपकार. शेवटचं विचारतो. मिस्त्री म्हणतो, "सिमेंट सुकलं की टेकू काढू." किती दिवसांनी सुकतं?

सातपूरहून

'सुकलं' हा शब्दच कामावरून घालवायला हवा. मातीचा गिलावा सुकून घट्ट होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि म्हणून ते 'धरतं'. पाणी उडून गेलं तर ती क्रिया अर्धवट राहते. म्हणजे सुकणं हे सिमेंटच्या मुळावर येतं. सुकण्याची वाट बघणारा माणूस पाणी मारायला टाळाटाळ करतो, हे मी वारंवार पाहतो. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस पृष्ठभाग ओला हवा. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून निघते तसली बारीक राख या सिमेंटमध्ये असते. ती सावकाश धरते, म्हणून तिला पाणीही जास्त दिवस लागतं. गोणपाट टाकून किंवा सिमेंटच्या मालाचे छोटे बांध घालून केलेल्या वाफ्यांत पाणी साठवून ठेवा. मात्र माल कालवताना सैल व्हावा म्हणून वरून पाणी घालू देऊ नका. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पुरतं, त्यात वाळूचा ओलावाही धरा.

टेकूंचं उत्तर: साध्या सिमेंटला आणि चांगल्या हवामानात, साडेचार मीटरपर्यंतच्या खणाच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या खणाचे 14 दिवसांनी. बीमखालचे सहा मीटरपर्यंत 14 आणि त्यापुढे 21 दिवसांनी. राखेचं सिमेंट असेल तर अभियंत्याला विचारून यात वाढ करा. गॅलरीचे टेकू तिची मागची बाजू, म्हणजे तिला धरून ठेवणारा आतला स्लॅब किंवा भिंत, पुरती झाल्याशिवाय हलवू नका. आणि काढताना मोकळ्या टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे या. भिंतीकडचे आधी काढले आणि टोकाचा टेकू राहिला, तर गॅलरी दोन टोकांवर टेकते, ताणाची बाजू खाली जाते, आणि तिथे सळई नसते.