ओढ्यावर गळ टाकणाऱ्यांनो, आपापले अनुभव सांगा

धरणावरचे, समुद्रावरचे किस्से सगळेच सांगतात. इथे फक्त ओढ्याचे हवेत. उन्हाळ्यात उडी मारून पलीकडे जाता येईल असा ओढा, हातात एक काठी आणि पोटासाठी नव्हे, हौसेसाठी धरलेला मासा. काय चुकलं, काय जमलं, सगळं चालेल. मासा केवढा होता ते सांगितलं नाही तरी हरकत नाही, तसंही खरं कोण सांगतंय!

सुरुवात मी करतो. पहिलं वर्षभर मी हात हलवत परतायचो. गळ बारीक केला, तंगूस म्हणजे गळाचा दोरा बदलला, गांडुळाऐवजी कणकेची गोळी लावून पाहिली. एकदा पोचल्या पोचल्या काठीचं टोक मोडलं, म्हणून नुसताच बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी, जिथे मासेच नाहीत अशी माझी खात्री होती त्या डोहात एकामागून एक सहा-सात मासे मुळांखालून बाहेर आले. सगळ्यांची तोंडं वाहत्या पाण्याकडे, वरून काय वाहून येतंय त्यावर डोळा. मी उठलो, एक पाऊल टाकलं, डोह रिकामा. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिच्यामुळे त्याला पाण्यातली थरथर कळते. वर्षभर मी काठावर धपाधपा पाय आपटत जात होतो आणि दोष गांडुळांना देत होतो. आता पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काठी उघडतच नाही.

*

पायांचं खरं आहे, पण डोक्याचंही सांगते. पाण्यातून माशाला बाहेरचं सगळं डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसतं. साधारण ९७ अंशांचा शंकू, त्यात अख्खं आकाश आणि दोन्ही काठ मावलेले. उभा माणूस त्यात ठळक दिसतो, बसलेला माणूस झरोक्याच्या कडेला चेपला जातो. म्हणून मी शेवटची काही पावलं गुडघ्यांवर जाते. लोक विचारतात, काही हरवलंय का? एकदा एका आजोबांनी तर काही न विचारताच माझ्याबरोबर गवतात शोधायला सुरुवात केली. मलाही लगेच सांगवेना. पाचेक मिनिटांनी त्यांनीच विचारलं, "पण काय शोधतोय आपण?"

*

आजोबा भारी! माझं एवढंच, सावली पाण्यावर पडू देऊ नका. बाकीचं नंतर.

*

माझे निम्मे गळ झाडांवर आहेत. ओढ्यावर काठी डोक्यावरून फिरवायला जागाच नसते. मग एकाने शिकवलं: गळ चिमटीत धरायचा, तंगूस ताणून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडायची. गळ फांद्यांखालून सरळ जातो. शिकवणाऱ्याने हेही सांगितलं होतं की धरायचा तो गळाच्या बाकावर, टोक बोटांपासून लांब ठेवून. ते मी नीट ऐकलं नाही. अंगठ्यात आरपार. टोकामागचा उलटा काटा असल्यामुळे मागे ओढता येईना, दवाखान्यात जाऊन काढावा लागला. त्यानंतर नवा गळ घेतला की आधी पक्कडीने तो काटा दाबून सपाट करतो. मासा सुटतो का? तंगूस ढिला सोडलात तर सुटतो. पण परत सोडायचा असेल तर त्याचंही तोंड फाटत नाही.

टाकायचं कुठे? खळाळ संपून पाणी संथ होतं ती रेघ, मोठ्या दगडाची मागची बाजू, आणि पाण्याने खालून कोरलेला काठ. उघड्या मधल्या पाण्यात मी तरी वेळ घालवत नाही.

*

हे लिहू की नको असं होत होतं. डोहात लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, एकत्र वर येई, एकत्र खाली जाई. खाली मोठी मरळ. मरळ हवा घ्यायला वर येते, तशी ती आली आणि मी बेडकासारखं आमिष बरोबर पुंजक्यावरून ओढलं. तिने झडप घातली. भुकेने नव्हे, ती पिल्लं राखत होती. तेव्हा मला ते कळलं नाही, मी खूश होतो. गळ काढता काढता पाण्याकडे लक्ष गेलं तर मघापर्यंत न दिसलेले छोटे मासे चहूबाजूंनी पुंजक्यात घुसत होते. तिला घाईघाईने सोडलं. ती थेट तिकडेच गेली, पण पुंजका निम्मा झाला होता. आता पिल्लं दिसली की त्या डोहाला मी वळसा घालतो.

*

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

सोडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. दुसरं, कडक उन्हाळ्यात दुपारी जाऊच नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि पुढच्या वळणावर उलटा होतो. पहाटे जा.

*

पहाटेचं सरसकट नको. वाहत्या पाण्यात ठीक. पण शेवाळ माजलेल्या, साचलेल्या डोहात वनस्पती रात्रभर प्राणवायू फक्त वापरत असतात, त्यामुळे सगळ्यात कमी तो पहाटेलाच असतो. तिथे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसले तर काठी गुंडाळावी.

*

तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, एवढंच. खंड्याच्या पायातून सोडवलाय एकदा.

*

माझ्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाणी जरा गढूळ झालं, मग काटक्या आणि वाळली पानं वाहत येऊ लागली. वर कुठेतरी पडला असावा, हे कळेपर्यंत बसलेल्या दगडाभोवती पाणी आलं. काठी, डबा, चप्पल टाकून चढलो. मागे वळून पाहिलं तर दगड नव्हता.

दोन दिवसांनी काठी सापडली, दोन वळणं खाली, झुडपात अडकलेली. गळावर रबराचा किडा जसाच्या तसा. एवढ्या पुरातही कोणी तोंड लावलं नव्हतं.