मदत हवी आहे: पाणवनस्पतींना परमँगनेट किती?

निऑनवाली
आज सकाळी कुर्ल्याच्या बाजारातून फिश टँकसाठी झाडं आणली, तेव्हापासून बादलीत पडून आहेत. मागच्या वेळी दुसरीकडून आणलेली नुसती नळाखाली धुऊन लावली. आठवड्यात माशांवर पांढरे ठिपके, अकरातले नऊ निऑन गेले. म्हणून या वेळी झाडांवरचे जंतू मारायला परमँगनेट (पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड) आणून ठेवलंय. किती टाकू? आजच लावायची आहेत, लवकर सांगा.

खाडीकाठ
झाडं कोणती? टँकमध्ये कोळंबी आहे का?

निऑनवाली
नेहमीचीच झाडं आहेत हो. टँक ६० लिटरचा. डोस सांगा ना.

शेवाळ
परमँगनेट कशाला? तुरटी घ्या. लिटरला ३-४ ग्रॅम, रात्रभर. माझ्याकडे चार वर्षांत झाडांबरोबर एक गोगलगाय आलेली नाही.

खाडीकाठ
त्या गोगलगायींबद्दल विचारतच नाहीयेत!
ताई, टँकचे लिटर नकोत, बादलीचे हवेत. १ ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली १० लिटरच्या बादलीत घाला. झाडं १० मिनिटं बुडवा, मग अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध) घातलेल्या पाण्यात खळबळून घ्या. हातमोजे घाला, बोटं तपकिरी होतात. कॅबोम्बा (नाजूक, बारीक पानांचं झाड) असेल तर ५ मिनिटं पुरे.

निऑनवाली
कॅबोम्बा आहे, अनुबियास आहे. कोळंबीपण आहे, सहा. म्हणजे आज रात्री लावू?

जुनी_काच
नको. ठिपक्यांचा जंतू माशावरून गळून पडतो आणि झाडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. कवचाआड औषध नीट पोचत नाही. कवच फुटून पिल्लं बाहेर पडली की त्यांना मासा लागतो, नाही मिळाला तर दोनेक दिवसांत मरतात. आपल्याकडच्या उकाड्यात हे सगळं आठवड्याच्या आत उरकतं. झाडं १० दिवस बिनमाशांच्या बादलीत ठेवा, उजेडात. परमँगनेटपेक्षा हा वेळ महत्त्वाचा.

गच्चीवरची_बाग
१० दिवस साठलेलं पाणी? डेंग्यूचे डास होतील. दोन गप्पी सोडा बादलीत.

जुनी_काच
अहो, गप्पी म्हणजे त्या जंतूला जेवणच वाढलं! मासा नाही म्हणून तर तो मरतोय. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि दर तीन दिवसांनी पाणी बदला.

शेवाळ
तुरटीने हायड्रासुद्धा (झाडांबरोबर येणारा बारीक पाणजीव) जातो, एवढंच सांगतो.

नवखा_७
माझा गोल्डफिश झाडं खातो, त्याला काय करू?

खाडीकाठ
वेगळा धागा काढा, सांगतो. अनुबियास लावा तोवर, पानं जाड असतात.

निऑनवाली
परमँगनेट दिलं, दहा मिनिटं. कॅबोम्बाचं वाचायच्या आधीच बुडवला होता, थोडा काळवंडलाय. बादली गॅलरीत जाळीखाली ठेवली आहे. उरलेल्या दोन निऑनसाठी थांबते दहा दिवस. कॅबोम्बा परत फुटेल का?

जुनी_काच
शेंडे हिरवे असतील तर फुटेल. काळा भाग कापून टाका, नाहीतर कुजून पाणी खराब करेल.