मदत हवी आहे: छोट्या बागेसाठी बुटकी फळझाडं
नमस्कार मंडळी. घरामागे जेमतेम १० बाय १२ फुटांची जागा आहे, तिथे सफरचंद लावायचंय. मागच्या खेपेला ‘बुटकं’ म्हणून आणलेलं झाड बघता बघता छपरावर गेलं! नंतर कळलं, उंची बरीचशी खालच्या खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावर, ठरते. एम २७ नावाच्या खुंटावरचं झाड साधारण २ मीटरच्या आत राहतं. एम ९ खुंटावरचं त्याहून थोडं जास्त वाढतं आणि त्याला कायमचा आधार लागतो. पण विक्रेत्याला खुंट विचारला की उत्तर एकच, “कलमी आहे.” अहो, कलमी म्हणजे बुटकं नव्हे ना! खुंटाचं नाव लिहून देणारी रोपवाटिका तुम्ही कशी शोधलीत? रोप घेताना कलमाच्या जोडापाशी काय बघता? आणि एकाच झाडापुरती जागा असेल तर परागीभवनाचं कसं जमवता?