ओला ढीग बाजूला काढणाऱ्या बाईची मजुरी बुडत असेल, तर कंपनीत अन्नसुरक्षेची संस्कृती रुजेल का?

धागाकर्ती, नंदुरबार
पथारीवर मिरची वाळत असताना अवकाळी पाऊस आला, की रातोरात ताडपत्र्या टाकल्या जातात आणि तरीही सकाळी कडेचा माल भिजलेला निघतो. ही ओल सर्वांत आधी कळते ती देठ खुडणाऱ्या बाईला, कारण देठ सहज तुटत नाही आणि मिरची फोडली तर बियांभोवती बुरशी दिसते. पण खुडणी किलोवर असते. ढीग निवडत बसले तर तिची मजुरी बुडते आणि वर मुकादमाची बोलणी खावी लागतात. म्हणून ती गप्प राहते. मसाला कंपन्यांत पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक नेमला जातो, भिंतीवर हात धुण्याचे तक्ते लागतात, ते आवश्यकच आहेत. पण सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही, एवढी खात्री मालकाने दिल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयोगाने, २०२० मध्ये अन्न-स्वच्छतेच्या तत्त्वांत सुधारणा करताना व्यवस्थापनाची बांधिलकी आणि त्रुटींबद्दलचा मोकळा संवाद यांवर अन्नसुरक्षेच्या संस्कृतीचा भाग म्हणून भर दिला, तोही याच दिशेने.

प्रतिसाद : मसाला उद्योजक, धुळे
मी असहमत आहे. संस्कृती मोजता येत नाही, ओलावा येतो. सुक्या मिरचीत तो ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, हा नियम आहे. ओलावामापक घ्या, गोणीगणिक नोंद करा आणि निर्यातीचा माल अफ्लाटॉक्सिन या बुरशीपासून होणाऱ्या विषाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा. युरोपची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि तिथला तपासनीस आपल्या कामगारांची मनःस्थिती विचारत नाही. शिवाय मजूर हंगामापुरते येतात, पुढच्या वर्षी चेहरे बदललेले असतात. अशा ठिकाणी संस्कृती रुजवायची तरी कोणात?

प्रतिसाद : गुणवत्ता पर्यवेक्षक, केळी वेफर, रावेर तालुका
मोजमापाचा आग्रह योग्य आहे, पण मोजतो कोण, हेही पाहावे लागते. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापून बनणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की तेल बदलणे बंधनकारक आहे. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तिथे ते मोजण्याचे यंत्र मालकाच्या कपाटात असे आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर येई. कढईवरच्या कारागिराला फेस आणि रंग पाहून तेल गेल्याचे कळत होते; तेल बदला म्हणण्याची मुभा मात्र त्याला नव्हती.

धागाकर्ती
प्रयोगशाळेवर सारी भिस्त ठेवण्यात एक धोका आहे. अफ्लाटॉक्सिन सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते. थोड्याच मिरच्यांत ते भरपूर असू शकते, त्यामुळे नमुना स्वच्छ निघाला तरी गोणी स्वच्छ असेलच असे नाही. एकदा तयार झालेले हे विष वाळवून किंवा दळून जात नाही, म्हणून ते अडवायचे तर पथारीवरच. आणि चेहरे बदलत असतील, तर रिवाज मालकाने व मुकादमाने टिकवायचा, कारण ते दर हंगामाला तेच असतात. निवडून बाजूला काढलेल्या ओल्या मालाचेही वजन करून खुडणीच्याच दराने पैसे द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे.

मसाला उद्योजक, धुळे
नमुन्याचा मुद्दा मान्य आहे. पण फेकायच्या मालाचीही मजुरी दिली, तर चांगला मालही त्या ढिगात जाईल, ही भीती आहे. माझ्या मते त्या वेळेपुरती रोजाने मजुरी द्यावी आणि ढीग मुकादमाने नव्हे, तर पर्यवेक्षकाने तपासावा. मात्र मुंबईचा खरेदीदार भाव ठरवताना हा खर्च धरत नाही, तोवर लहान कारखानदाराने तो किती हंगाम सोसायचा, याचे उत्तर मला या चर्चेत अजून मिळालेले नाही.